धुराचा भाव किती?

परदेशवारीहून परतलेल्या नातेवाइकाच्या बॅगेत चॉकलेटांच्या शेजारी कधी कधी एक हिरव्या काचेची बाटली असते. शनिवारी रात्री ती कौतुकाने उघडली जाते आणि पहिल्या घोटानंतर बैठकीत दोन तट पडतात. एकाला जखमेवर लावायचे टिंक्चर आठवते, दुसऱ्याला निखाऱ्यावर भाजलेले भरताचे वांगे. मग यजमान बाटलीची किंमत सांगतो. टिंक्चरवाल्यांपैकी निम्मे जण पुन्हा एक घोट घेतात आणि ‘तशी बरी आहे’ म्हणू लागतात. पहिला घोट नाकाने आणि जिभेने घेतलेला असतो, दुसरा किमतीने. धुरकट सिंगल माल्ट व्हिस्कीत पैसे वसूल होतात का, हे तपासायचे तर सुरुवात या दुसऱ्या घोटापासून करावी लागते.

हा धूर येतो पीटमधून. दलदलीत हजारो वर्षे साचत, अर्धवट कुजत गेलेल्या वनस्पतींचा थर म्हणजे पीट. तो कापून, वाळवून आपल्याकडच्या गोवऱ्यांसारखा जाळतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडचे एक बेट या प्रकारच्या व्हिस्कीसाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या नावाचा उच्चार ‘आयला’, आणि पहिला घोट घेणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडून तो बहुधा आपोआप निघतो. तिथे मोड आणलेली ओलसर बार्ली भट्टीत पीटच्या धुरावर वाळवतात. धुरातली फिनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल अशी संयुगे दाण्याच्या सालीला चिकटतात आणि पुढे ऊर्ध्वपातनातूनही काही अंशी टिकून बाटलीपर्यंत पोहोचतात. टिंक्चरवाल्याचे नाक खोटे बोलत नसते. १८६५ मध्ये स्कॉटलंडच्याच ग्लासगो शहरात जोसेफ लिस्टर यांनी जखमा निर्जंतुक करण्यासाठी जे कार्बोलिक आम्ल वापरले, ते म्हणजे फिनॉलच. वांगेवालाही बरोबर असतो, कारण ग्वायकॉल कोणत्याही लाकडाच्या धुरात सापडते.

दुकानात मात्र ग्राहकाच्या हाती वास नसतो, आकडे असतात. त्यातला पहिला ‘पीपीएम’. दशलक्ष भागांत फिनॉलचे भाग किती, हे तो सांगतो. बोमोर साधारण २५, लाफ्रॉइग ४० ते ४५, आर्डबेग ५० ते ५५ अशी ही उतरंड सांगितली जाते. ऑक्टोमोरच्या एका आवृत्तीने तर ३०९ चा आकडा गाठला. मेख अशी, की हा आकडा वाळवलेल्या बार्लीचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. दळण, आंबवण आणि ऊर्ध्वपातन या वाटेत बराचसा धूर गळतो. किती गळतो, हे तांब्याच्या भांड्याचा आकार आणि ऊर्ध्वपातनाचा कोणता टप्पा गोळा केला, यावर ठरते. लागावुलिन आणि कूल-ईला यांच्यासाठी बेटावरच्याच पोर्ट एलनच्या कारखान्यातून जवळपास सारख्याच धुराचे माल्ट येते, तरी एक जड आणि दाट लागते, दुसरी हलकी आणि स्वच्छ. म्हणून पीपीएम पाहून बाटली घेणे म्हणजे मिरच्यांचे वजन पाहून रश्शाचा तिखटपणा ठरवणे.

दुसरा आकडा वयाचा. वय वाढले की किंमत वाढते, आणि त्याला आधार आहे. स्कॉटलंडमध्ये ओकच्या पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के द्रव उडून जातो. या हिशेबाने १६ वर्षांत पाव भागाहून अधिक माल हवेत जातो, शिवाय भांडवल आणि गोदाम अडकून राहते. पण ग्राहक जर धुरासाठी पैसे मोजत असेल, तर इथे हिशेब उलटा होतो. पिंपात धूर वाढत नाही, मावळतो. काही फिनॉल कमी होतात आणि उरलेल्यांवर लाकडाचा, सुक्या मेव्याचा, व्हॅनिलाचा थर चढतो. लागावुलिनची १६ वर्षांची बाटली ४३ टक्के अल्कोहोलची असते, ८ वर्षांची ४८ टक्क्यांची. धाकटी सहसा स्वस्त मिळते आणि धूर तिच्यातच अधिक ठसठशीत लागतो. आर्डबेगची ५ वर्षांची ‘वी बीस्टी’ आणि १० वर्षांची नेहमीची बाटली यांच्यातही असेच नाते आहे. थोरली वाईट असते असे नाही, तिच्यात गोलाई असते. पण धूर हवा असताना वयासाठी जादा पैसे देणे म्हणजे तिखट हवे म्हणून मागवायचे आणि दही घातल्याबद्दल जास्तीचे बिल भरायचे.

वयाचा आकडा हवामानाबाहेर नेला की आणखी डळमळतो. गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणाऱ्या पॉल जॉनच्या धुरकट माल्टसाठी पीट स्कॉटलंडहून येते. बेंगळूरुच्या अमृत ‘फ्यूजन’मध्ये स्कॉटलंडची पीटवर वाळवलेली बार्ली आणि भारतीय बार्ली यांचा मेळ असतो. आपल्या उष्ण हवेत पिंपातून दरवर्षी उडणारा वाटा स्कॉटलंडच्या कितीतरी पट असतो आणि लाकडाचा परिणामही झपाट्याने होतो. इथली चार-पाच वर्षांची व्हिस्की तिथल्या त्याच वयाच्या व्हिस्कीइतकी कोवळी नसते. ‘वय छापलेले नाही म्हणजे दुय्यम’ हा समज म्हणूनच टिकत नाही.

तिसरा आकडा किमतीचाच, आणि मुंबई-पुण्यात त्याचा मोठा भाग चवीशी संबंध नसलेला आहे. आयात व्हिस्कीवर भारताचे सीमाशुल्क १५० टक्के असे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात ते आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरचे उत्पादनशुल्क ३०० टक्क्यांवरून १५० वर आणले, तेव्हा बाटलीतली व्हिस्की तीच राहिली आणि तिचा भाव तेवढा बदलला.

तरीही महाग बाटली चांगली लागते, त्याला मेंदू कारणीभूत आहे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी २००८ मध्ये २० जणांना मेंदूचे चित्रण सुरू असताना वाइन पाजली. तीच वाइन एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली. महाग म्हटलेली अधिक आवडली, इतकेच नव्हे तर मेंदूतला आनंदाशी निगडित भागही अधिक उजळला. किंमत न सांगता दिली, तेव्हा फरक उरला नाही. कुणी म्हणेल, आनंद खरा असेल तर बिघडले कुठे? बिघडत नाही. फक्त तो आनंद किमतीच्या चिठ्ठीने दिलेला असतो, आणि त्यातून बाटलीबद्दल काहीही कळत नाही. पुढच्या वेळी तो पुन्हा हवा असेल तर आणखी मोठी चिठ्ठी लागते.

यावर उपाय साधा आहे. खाद्यचवीच्या शास्त्रात वापरली जाणारी तीन पेल्यांची चाचणी घरीही करता येते. दोन पेल्यांत एक व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. कशात काय आहे, ते पिणाऱ्याला ठाऊक नसावे. रंगानेही दिशाभूल होते, कारण स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याने मुभा आहे. म्हणून स्टीलचे पेले उत्तम. वेगळा पेला ओळखता येतो का, एवढेच पाहायचे. निव्वळ अंदाजानेही तीनातून एकदा उत्तर बरोबर येते, त्यामुळे चाचणी चार-पाच वेळा व्हायला हवी, पण एकाच रात्री नव्हे. दोन बाटल्यांतला फरक नाकाला कळतच नसेल, तर त्या फरकाचे हजारो रुपये का द्यायचे?

चाचणीआधी दोन्ही व्हिस्की पाणी घालून सारख्या तीव्रतेवर आणाव्यात, नाहीतर जास्त अल्कोहोलची बाटली नुसत्या झणझणीतपणावर बाजी मारते. पाण्याने चव बिघडते हा समज चुकीचा आहे. स्वीडनमधील लिनियस विद्यापीठाच्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिकृतीतून दाखवले, की व्हिस्की पातळ केल्यावर धुरकट वासाचे ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे, म्हणजे नाकाजवळ येते. हिशेबालाही पाणी उपयोगी पडते. ५७ टक्क्यांची ७०० मिलिलिटरची बाटली ४० टक्क्यांवर आणली की जवळपास एक लिटर होते. अशी बाटली सव्वापट महाग असली तरी प्रत्यक्षात स्वस्तच पडते.

मात्र ज्या हिशेबाने ती स्वस्त पडते, त्याच हिशेबाने ती शरीराला महाग पडू शकते. ४० टक्क्यांच्या ३० मिलिलिटर पेगमध्ये साधारण साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल असते. ५७ टक्क्यांच्या ६० मिलिलिटर पेगमध्ये २७ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तिप्पट. पेग मात्र एकच मोजला जातो. ‘सिंगल माल्ट शुद्ध असते, तिचा त्रास नाही’ या बैठकीतल्या वाक्याला शास्त्रीय आधार नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अल्कोहोलयुक्त पेयांना १९८८ मध्येच तंबाखूच्या रांगेत, निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात बसवले. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. यकृताला बाटलीचे वय कळत नाही आणि किंमतही कळत नाही. न पिणाऱ्याने चवीच्या कुतूहलापोटी सुरुवात करावी, असे काहीही या धुरात नाही.

पिणाऱ्यांसाठी मात्र धुरकट माल्टची एक सोय आहे. तिचा बहुतेक ऐवज वासात असतो आणि वासाला घोट लागत नाही. चाचणीला प्रत्येक पेल्यात पाच मिलिलिटर पुरतात. तिखट शेव आणि मसाला शेंगदाणे दूर ठेवले, पेला थोडा वेळ झाकून ठेवला, तर एवढ्यातही खारा वारा, राख आणि लिंबाची साल वेगवेगळी ओळखता येते. तीन-चार पेगनंतर थकलेल्या नाकाला दोन हजारांची आणि बारा हजारांची बाटली सारखीच. म्हणजे महाग बाटलीचे पैसे सर्वांत लवकर बुडतात ते जास्त पिण्याने. पैसे वसूल करायचे असतील तर वय आणि पीपीएम बाजूला ठेवावेत, पेले झाकावेत, आणि दुसरा घोट घेण्याआधी बाटलीची किंमत कुणी सांगत असेल तर त्याला थांबवावे.