मोह, शेवळ आणि सरकारी दप्तर

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांचे नाव निघाले म्हणजे सामान्य वाचकाला घोलवडचे चिकू आणि भिंतीवरची पांढरी वारली चित्रे आठवतात, आणि इतिहासाची थोडीबहुत जाण असलेल्याला तलासरी भागातल्या झरी गावी १९४५ साली वेठीविरुद्ध उठलेला वारल्यांचा आवाज आठवतो. परंतु याच मुलुखातल्या माणसांनी ज्यांच्या आधारावर पिढ्यान् पिढ्या आपला पावसाळा काढला, त्या फुलांची, कोंबांची, पाल्याची आणि कडू कंदांची आठवण सहसा कोणास होत नाही. आषाढ-श्रावणात कणग्या रित्या होतात, नवे भात अजून शेतात असते आणि त्या दोन महिन्यांचे अन्न रानच पुरवीत आले आहे.

यांत पहिला मान मोहाचा. होळीच्या सुमारास मोहाची फिकट पिवळी, मांसल आणि रसाने भरलेली फुले पहाटेच्या वेळी आपोआप गळू लागतात, आणि झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून ठेवलेल्या स्वच्छ जमिनीवरून बायकामुले ती उन्हे चढण्यापूर्वी वेचून घेतात. वाळल्यावर ती मनुकांसारखी सुरकुततात आणि वर्षभर टिकतात. त्यांच्या कोरड्या वजनाचा सुमारे निम्मा भाग निव्वळ साखर असतो. ती उकडून खातात, भाजून तिळाबरोबर कुटतात, पिठात मिसळून भाकरी थापतात. पुढे वैशाख-ज्येष्ठात त्याच झाडाच्या कच्च्या फळांची भाजी होते, बियांपासून स्वयंपाकाचे तेल निघते आणि उरलेली पेंड शेताच्या कामी येते.

पण इंग्रजी अमलाच्या अबकारी खात्याला या झाडात बुडणाऱ्या महसुलाखेरीज काही दिसले नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानेही समाधान न झाल्यामुळे १८९२ साली खास मोहफुलांसाठी एक स्वतंत्र कायदा करण्यात आला आणि ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत फुले जमविण्यावर, बाळगण्यावर व नेण्या-आणण्यावर निर्बंध आले. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. ज्या फुलापासून दारू गाळतात त्याच फुलाने भुकेल्याचे पोट भरते, या साध्या वस्तुस्थितीची दखल घेण्याऐवजी रयतेच्या अन्नालाच गुन्ह्याच्या पंक्तीस बसविण्यात आले, हा अन्याय होता, आणि त्याला दुसरे नाव देण्याचे मला कारण दिसत नाही. स्वराज्यातही मोहफुलावर दारूचा शिक्का राहिलाच. त्याच्या संकलनावरील व वाहतुकीवरील बंधने महाराष्ट्र शासनाने शिथिल केली ती २०२१ साली.

शेवळाची गोष्ट निराळी आहे, आणि ती सांगताना माझ्या मनात कौतुकाशिवाय दुसरी भावना येत नाही. पहिला पाऊस पडून जमीन भिजली की पाने फुटण्याच्याही आधी शेवळाच्या कंदातून जांभळट आवरणात गुंडाळलेला फुलोरा वर येतो, आणि आपण खातो तो हाच फुलोरा. त्यात सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, ते जिभेत व घशात रुततात आणि अनभिज्ञ माणसाची फजिती होते. म्हणून जाणती बाई आवरण उलगडून आतला खाजरा पिवळा भाग काढून टाकते, उरलेले बारीक चिरून तेलावर चांगले परतते आणि त्यात काकडाच्या आंबट फळांचा रस घालते. काकडाचे झाडही याच रानातले आणि त्याची फळेही नेमकी याच दिवसांत हाती येणारी. बाजारात शेवळाच्या जुडीबरोबर काकडे मिळतात ती याचसाठी. मुंबई-ठाण्याची चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराणी ज्या शेवळावर कोलंबी घालून दरसाल मेजवानी करतात, त्या शेवळामागे रानातल्या बाईची ही विद्या उभी असते.

कडूकंद तर याहून कठीण. तो चिरून, राखेच्या पाण्यात उकडून, रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवल्यावाचून तोंडात घालता येत नाही. बांबूच्या कोवळ्या कोंबांतही विषारी द्रव्य असते. ते चिरून, भिजवून, उकळून पाणी टाकून दिले म्हणजे जाते. कोणता अवयव, कोणत्या नक्षत्रात, किती कोवळा आणि कोणत्या संस्काराने, हे सारे ज्ञान कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही. ते सासूकडून सुनेकडे आणि आजीकडून नातीकडे आले आहे, आणि नात आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहू लागली की ते तिच्यापर्यंत पोहोचेनासे होते.

पोषणाचा हिशेब हवा असेल तर शेवग्याचा घ्यावा, कारण त्याच्या शेंगा बाजारात जातात आणि पाला बहुधा बांधावरच वाळतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत शंभर ग्रॅम पाल्यात ४४० मिलिग्रॅम कॅल्शियम दाखविले आहे, तर तितक्याच गाईच्या दुधात १२०; शिवाय त्या पाल्यात अ आणि क जीवनसत्त्वांची विपुलता आहे. ज्या मुलुखात कुपोषणाची चर्चा दर पावसाळ्यात होते, त्या मुलुखात हा पाला वाया जावा याचे मला फार दुःख होते.

अनुसूचित क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना रोज एक चौरस आहार देणारी अमृत आहार योजना डहाणू-तलासरीतही लागू आहे. त्या आहाराच्या पातेल्यात शेवग्याचा पाला नेमाने पडावा, आश्रमशाळांच्या भटारखान्यांत पावसाळ्याच्या भाज्यांना जागा मिळावी, आणि त्या कशा निवडाव्यात व शिजवाव्यात हे शिकविण्यासाठी पाड्यावरच्या वृद्ध स्त्रियांना मानधन देऊन बोलवावे, एवढे माझे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांना आणि मुख्याध्यापकांना मागणे आहे. वाचकांनाही एक सांगणे आहे. फुलोरा खुडला की त्या शेवळाचे बी धरत नाही, म्हणून रानात स्वतः जाऊन सरसकट खुडू नये. ते कोठे सोडावे हे जिला कळते तिच्याकडूनच विकत घ्यावे, घासाघीस करू नये, आणि काकडाचे पैसे वेगळे द्यावेत.