मांजराच्या पोटात गोळा!

बालदोस्तांनो, ‘पोटात गोळा आला’ असं आपण म्हणतो ना, तो काय नुसता म्हणण्यापुरताच असतो? चाचणीच्या दिवशी आमच्या चौथीच्या वर्गात ‘बाई, पोट दुखतंय’ म्हणणारं एक तरी पोर निघतंच. लगेच मागच्या बाकावरून आवाज येतो, “ढोंगी!” थांबा. त्याला ढोंगी ठरवण्याआधी एका मांजराची गोष्ट ऐका.

राँटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले. त्यानंतर लवकरच अमेरिकेत हार्वर्डला वॉल्टर कॅनन नावाचा डॉक्टरकीचा विद्यार्थी त्या किरणांनी मांजराचं जठर बघू लागला. खाण्यात बिस्मथचा क्षार कालवायचा, म्हणजे पडद्यावर जठराची काळी सावली दिसते. जठरात एकामागून एक लाटा येतात आणि अन्न घुसळलं जातं, अगदी ताकासारखं! पण मांजर चिडलं, धडपडू लागलं, की लाटा एकदम बंद. पाठीवरून हात फिरवून त्याला शांत केलं, ते घुरघुरू लागलं, की लाटा पुन्हा सुरू! आता सांगा, मांजर कशाला ढोंग करेल? त्याला कुठे गणिताचा पेपर होता!

भीती वाटली की शरीर पळायची किंवा लढायची तयारी करतं. पोटाकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, जठराचं काम मंदावतं. म्हणून मळमळतं, घास उतरत नाही. मोठ्या आतड्याचं मात्र उलटंच, त्याची घाई वाढते. पेपरच्या आधी कुणीकुणी तीन-तीनदा ‘जाऊन’ येतात ते त्यामुळेच. (हसू नका!) मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली आहेत, शिवाय आतड्यांच्या भिंतीत स्वतःच्या कोट्यवधी मज्जापेशी असतात. त्यामुळे काळजी डोक्यात असली तरी कळ पोटात येते, आणि ती अगदी खरी असते.

अशा वेळी पोट फुगेल असा सावकाश श्वास घ्या, सोडायला आणखी वेळ लावा. सकाळी पुरी-भाजीवर ताव नको, पण उपाशीही जाऊ नका. थोडा मऊभात खा. आणि कसली भीती वाटते ते आईला नाहीतर बाईंना सांगा. माझं विचाराल तर निम्मं दुखणं बोलण्यानेच उतरतं.

मात्र दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, ताप, सारख्या उलट्या किंवा शौचातून रक्त असेल, वजन घटत असेल, नाहीतर उजव्या बाजूला खाली दुखत असेल, तर परीक्षेवर ढकलू नका. सरळ डॉक्टरांकडे जायचं, पेपर असला तरी.