लाल डोळा आणि ड्रॉवरमधली बाटली

सोमवार सकाळ. अकराला प्रेझेंटेशन आणि आरशात बघतो तर एक डोळा लालभडक! मग आपण काय करतो? कोपऱ्यावरचा केमिस्ट गाठतो. "दादा, डोळ्यात घालायला काहीतरी स्ट्राँग द्या ना." दोन दिवस थेंब घालतो, बरं वाटलं की बाटली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. पुढच्या महिन्यात तीच बाटली शेजारच्या टेबलवरच्या मैत्रिणीला. मैत्री म्हणजे मैत्री!

मंडळी, इथेच घोळ आहे. पावसाळ्यात ऑफिसभर फिरणारी डोळ्यांची साथ बहुतेक वेळा व्हायरसची असते. तिच्यावर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. उलट असं उठसूट औषध वापरलं की त्याला पुरून उरणारे जंतूच शिल्लक राहतात आणि वाढतात. त्यात त्या 'स्ट्राँग' थेंबांत स्टेरॉईड असेल तर लाली जाते, जंतू मात्र आत मजेत!

यातला महाबिलंदर म्हणजे स्यूडोमोनास. पाण्यात राहणारा, कॉन्टॅक्ट लेन्सवर जीव जडलेला. लेन्स घालून झोपलात किंवा नळाखाली धुतलीत, की त्याला आयतं आमंत्रण. बुबुळावर जखम झाली, तर दोन-तीन दिवसांत नजर धोक्यात. मग डॉक्टर जखम हलकेच खरवडून नमुना लॅबला पाठवतात आणि दर तासाला थेंब सुरू करतात, अगदी रात्रीसुद्धा. नेहमीची औषधं हरली तर कोलिस्टिन. किडनीला त्रास होतो म्हणून १९७०च्या दशकात मागे पडलेलं हे औषध आता थेंबांच्या रूपात पुन्हा कामाला लागलंय.

अतिशयोक्ती वाटते? २०२३ मध्ये अमेरिकेत बहुतेक औषधांना दाद न देणाऱ्या स्यूडोमोनासची साथ आली. धागा पोचला चेन्नईत बनलेल्या थेंबांपर्यंत. कसले थेंब? एसी आणि मॉनिटरमुळे कोरड्या पडणाऱ्या डोळ्यांत आपण घालतो ना, तसलेच साधे! १८ राज्यांत ८१ रुग्ण. १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला, चौघं दगावले.

तेव्हा डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही, धूसर दिसतंय? लेन्स काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठा. लेन्स आणि तिची डबी सोबत न्या, तपासायला उपयोगी पडते. थेंब सांगितले तितके दिवस घाला. आणि हो, ड्रॉवरमधली ती जुनी बाटली आजच कचऱ्यात टाका. मैत्रिणीला कॉफी पाजा, चालेल!