बेट तोडा, पण खोदू नका



आमच्या परसामागे ओहोळाच्या काठाला माणग्याचे एक बेट आहे. ते माझ्या पणजोबांनी लावले. यंदा दिवाळी झाली की ते जेसीबीने मुळासकट काढायचे आणि तेथे काजूची कलमे लावायची, असे आमच्या घरी ठरत आले आहे. बाबा म्हणतात, "बेटाखाली काही पिकत नाही. सावली पडते, जनावराची भीती असते. काजूला निदान पैसे तरी येतात." आजी यावर काहीच बोलली नाही. पण त्या रात्री ती न जेवताच झोपली. म्हणून मी हा लेख लिहीत आहे. माझे मत असे की, बांबूचे बेट तोडावे, दरवर्षी तोडावे; पण खोदू नये.

आपण बांबूला झाड म्हणतो. खरे म्हणजे बांबू हे गवत आहे. भात, नाचणी, ऊस यांच्याच कुळातले. गवत विळ्याने कापले म्हणून मरते का? पाऊस पडला की ते पुन्हा फुटते. बांबूचेही तसेच. त्याचा जीव वरच्या काठीत नसतो, जमिनीखालच्या कंदात असतो. सागवान एकदा तोडले, की पुन्हा तेवढे सागवान व्हायला माणसाचे अर्धे आयुष्य जाते. बांबूची काठी तोडली, तर पुढच्या पावसाळ्यात बेटाला नवे कोंब येतात.

हे मी स्वतः पाहिले आहे. गेल्या वर्षी आषाढात बेटाच्या कडेला एक कोंब वर आला. मी त्याच्याजवळ एक उंच काठी रोवली आणि रोज शाळेत येण्यापूर्वी कोंबाच्या शेंड्याएवढ्या उंचीवर लाल दोरा बांधू लागले. एकदा तर तो एका दिवसात माझ्या वितीएवढा वाढला! पुढे माझा हात पुरेना. गणपती आले तेव्हा तो आमच्या घराच्या कौलांच्या वर गेला होता. गंमत अशी की उंची एवढी वाढली, पण जाडी वाढली नाही. बाईंनी सांगितले, "बांबू जेवढा जाड जन्मतो तेवढाच राहतो. उंची एकाच पावसाळ्यात पुरी करतो, आणि मग तीन-चार वर्षे आतून कडक होत राहतो." आमचा माणगा तर आतून जवळजवळ भरीव असतो, आणि त्याला काटेही नसतात.

आता आपापल्या घरात पाहा. सूप, रोवळी, हारा, डालगे, शिडी, आंबे काढायच्या घळीची काठी, हे सगळे बांबूचे. पूर्वी पावसात शेतात जाताना डोक्यावर इरले असे, त्याचा सांगाडाही बांबूचाच. कोवळ्या कोंबांची भाजी होते. मात्र ते पाण्यात भिजवून, उकडून, पाणी टाकूनच खावे लागतात. बाळाला सुपात ठेवतात, लग्नाला मांडव घालतात, पाडव्याला गुढी उभारतात आणि शेवटी माणूस जातो तोही बांबूवरूनच. हल्ली बाजारात प्लॅस्टिकचे सूप मिळते. ते उन्हात तडकते, आणि फेकले तर कुजत नाही. आजीचे जुने सूप मोडले तेव्हा ते चुलीत गेले, आणि त्यावर आमचा चहा झाला.

बेट आणखी एक काम करते, त्याचे पैसे कोणी देत नाही. त्याची मुळे काठची माती धरून ठेवतात. दोन वर्षांपूर्वी ओहोळाच्या वरच्या अंगाचे एक बेट असेच खोदून काढले. पुढच्याच पावसात तो काठ ढासळला आणि रेती आमच्या कुणग्यात आली. ती उपसताना सर्वांत जास्त घाम बाबांचाच गेला होता.

मग तोडायचे कसे? आजी म्हणते, "जून तां तोडूचा, कवळा तां राखूचा." जुनी काठी पिवळसर पडते, तिच्यावर पांढुरके डाग येतात. कोवळ्या काठीवर पातेरी आणि पांढरी पूड असते. जुन्या काठ्या बेटाच्या मध्यभागी असतात आणि कोवळ्या बाहेरच्या बाजूला. पुष्कळ लोक हात पोचतो म्हणून बाहेरच्याच तोडतात. म्हणजे पोरे मारायची आणि म्हातारे ठेवायचे! मग बेट दाटते, खंगते, आणि आपण म्हणतो बेट वाईट. एका बाजूने वाट करून आत शिरावे, तीन वर्षांवरच्या काठ्या जमिनीपासून एक-दोन पेरे ठेवून तोडाव्यात, आणि पावसाळ्यात कोयता लावू नये. आजीने व मी मिळून आमच्या बेटातल्या काठ्या मोजल्या. ९६ भरल्या. त्यांत तोडण्याजोग्या ३१ आहेत. या वर्षी ३१ विकल्या तरी बेट तेथेच राहील.

कोणी म्हणेल, परवान्याची कटकट असते. पूर्वी होती. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना झाडांत केली होती. २०१७ साली ती दुरुस्त झाली आणि जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' राहिला नाही. जे गवत आहे त्याला गवत म्हणायला नव्वद वर्षे लागली! आता शेतकऱ्याला आपला बांबू विकणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

काजू लावू नका असे मी म्हणत नाही. काजू वरकस जमिनीत लावावा, तेथे तो चांगला येतो. ओहोळाचा काठ मात्र बेटाला ठेवावा. ज्यांच्या घरी बेट आहे त्या माझ्या वर्गमित्रांनी या सुट्टीत आपल्या काठ्या मोजून याव्यात. जून किती, कोवळ्या किती, ते आपण फळ्यावर लिहू.

पालक सभेला माझे बाबाही येणार आहेत. बाबा, तुम्ही हे वाचाल तेव्हा रागावू नका. तोंडाने बोलायला मला धीर झाला नाही, म्हणून लिहिले. घरी आलात की आपण दोघे बेटात जाऊ. त्या ३१ काठ्यांना मी खुणेचे दोरे बांधून ठेवले आहेत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी