गळ नसलेली दोरी

"अगं, मी माळकरी बाई. मला कसले मासे दाखवायला नेता?" चंदीगडला गाडीत बसतानाच ताईंनी बजावलं होतं. ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त तिकडे असतो आणि त्याला मासे धरायचा भारी नाद. तोही साधा नाही, फ्लाय फिशिंगचा. गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो आम्हा दोघींना हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर घेऊन गेला. मंडी, औट, बंजार करत गुशैणीला पोचेपर्यंत ताईंची कुरकुर चालूच होती.

ताईंचं उजव्या बाजूचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितेय. आमच्याही घरात सहा महिने नुसतं 'गाठीचं ऑपरेशन' असंच म्हणत होते. मंडळाच्या कामात मी बायकांना तपासणीला घेऊन जाते, चार गोष्टी समजावते, पण घरच्या माणसाची वेळ आली तेव्हा माझीही जीभ अडखळलीच. ताईंचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम शिकवले होते, भिंतीवर बोटं चढवत न्यायची वगैरे. ताई आठ दिवस करायच्या, मग सोडून द्यायच्या. म्हणायच्या, "भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की शाळेत शिक्षा झाल्यासारखं वाटतं गं."

तीर्थन बघितली आणि आमचं बोलणंच थांबलं. वरच्या डोंगरांवर बर्फ, खाली गोल गुळगुळीत धोंडे आणि त्यांतून हिरवट काचेसारखं पाणी. हात बुडवला तर बोटांना कळ लागली. या पाण्यात ट्राउट असतो. खरं तर हा मासा इथला नव्हे. इंग्रजांनी आपल्या शिकारीच्या हौसेपायी ब्राउन ट्राउटची अंडी आधी काश्मिरात आणली, मग १९०९ च्या सुमारास कुलू भागात. परक्या मुलखात येऊन तो असा रुजला, की आता इथलाच म्हणून ओळखला जातो.

भाच्याने सांगितलेली एक गोष्ट मात्र माझ्या मनात घर करून बसली. हिमाचलमधल्या ट्राउटच्या नद्या १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत मासेमारीला बंद असतात. हे दिवस विणीचे. मादी तळच्या बारीक खड्यांत शेपटीने खळगा करते, त्यात अंडी घालते, वर खडे ओढून घेते. गार पाण्यात अंडी फुटायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून सरकारनेच कायदा केलाय, चार महिने कोणी त्रास द्यायचा नाही. १ मार्चला नदी उघडते. उघडल्यावरसुद्धा खड्यांच्या उथळ जागी पाय टाकू नका, आत पिल्लं असतील, असं आमचा गाईड दहा वेळा बजावत होता. मी ताईंकडे बघितलं. ऑपरेशननंतर एकविसाव्या दिवशी त्या पोळ्या लाटत होत्या. कोणी जबरदस्ती केली नव्हती, पण 'राहू द्या' असं ठासून म्हणणारंही कोणी नव्हतं. त्यात मीही आले.

आता या फ्लाय फिशिंगबद्दल थोडं. आपल्याकडे गळाला गांडूळ लावून टाकतात, तसं हे नाही. इथे आमिष म्हणजे पिसं, दोरा, केस गळाला गुंडाळून केलेली खोटी माशी किंवा अळी. तिला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे ती भिरकावता येत नाही. वजन असतं दोरीला. लवचिक काठीने ती दोरी आधी मागे हवेत लांब जाऊ द्यायची, क्षणभर थांबायचं, मग पुढे सोडायची. घड्याळाचा काटा दहावर आणि एकवर, एवढ्यातच काठी हलवायची. जोर लावला की सगळा गुंता! माझी दोरी पहिल्याच तासात दोनदा झुडपात आणि एकदा भाच्याच्या टोपीत अडकली.

मोसमाच्या सुरुवातीला सकाळी लवकर उठून काही उपयोग नाही, हे ऐकून मला फार बरं वाटलं. पाणी इतकं गार असतं, की मासा सुस्त होऊन खोल डोहात तळाशी पडून राहतो. ऊन चढून पाणी जरा निवलं, म्हणजे आपण गार होण्याला निवणं म्हणतो, इथे उलटं, जरा कोमट झालं, की अकरा ते तीनच्या सुमारास तो खाऊ लागतो. तेव्हासुद्धा पाठलाग करत नाही. अळीसारखी दिसणारी जड फ्लाय तळालगत, हळूहळू, थेट त्याच्या तोंडापुढून जावी लागते. म्हणजे उभं राहायचं आणि वाट बघायची. बायकांना वाट बघायची सवय आहे म्हणा, पण ती गॅसपाशी नाहीतर दाराशी.

ताई काठावरच्या धोंड्यावर शाल गुंडाळून बसल्या होत्या. तासाभराने म्हणाल्या, "मासा नको, पण ते दोरी फेकणं मला दाखवाल का?" गाईड पोरगा हुशार. त्याने दोरीच्या टोकाची फ्लाय काढली आणि तिथे लाल लोकरीचा तुकडा बांधला. नवशिक्यांना असंच शिकवतात म्हणे. गळच नाही, तर माळेला बाध कुठला? कोपर अंगालगत, हात सावकाश मागे, थांबा, पुढे. डाव्या हाताने सुरुवात केलेल्या ताई कधी उजव्यावर आल्या, मला कळलंच नाही. काठी खांद्याच्या वर गेली होती. दुखत होतं, तोंडावर दिसत होतं. पण त्या थांबल्या नाहीत, आणि मुख्य म्हणजे हसत होत्या.

नंतर समजलं, की यात नवल काहीच नाही. अमेरिकेत 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' नावाची संस्था १९९६ पासून नेमकं हेच करते. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांना नदीकाठी शिबिराला नेतात, फ्लाय फिशिंग शिकवतात, एक पैसा घेत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर जे हलके व्यायाम सांगतात, तशीच ही हाताची हालचाल. शिवाय सगळ्या एकाच दुखण्यातून गेलेल्या, त्यामुळे बोलायला अडचण नाही. अर्थात डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी काही करू नये. ताईंच्या हाताला सूज येत नाही ना, याकडे आम्हीही लक्ष ठेवून होतो.

दुसऱ्या दिवशी मला एक मासा लागला. वीतभर, पिवळसर अंगावर काळे-लाल ठिपके. हात ओले करून धरा, पाण्याबाहेर काढू नका, असं सांगत गाईडने बिनकाट्याचा गळ अलगद सोडवला आणि तो सुळकन गेला. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण सोडून द्यायचंच तर त्याला टोचायचं कशाला, हा ताईंचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. भाचा म्हणतो, या हौशी लोकांमुळे गावातल्या पोरांना काम मिळतं आणि नदी राखली जाते. त्यातही तथ्य आहे.

परत आल्यावर जो तो विचारत होता, "मासे तर खात नाही, मग एवढं लांब जाऊन केलंत काय?" एका बाईंनी तर मला बाजूला घेऊन सांगितलं, एवढ्या मोठ्या आजारातून उठलेल्या बाईने देवधर्म करावा, असली थेरं शोभतात का! याच गोष्टीचा मला राग येतो. आजारी बाईच्या औषधाला आपण कर्ज काढतो, हे मी डोळ्यांनी बघते. पण बरी होताना तिने नुसती मजा करावी, जिचा घराला काडीचा उपयोग नाही अशी, हे मात्र आपल्याला पचत नाही. पुरुष सुट्टीत दिवसभर गळ टाकून बसला तर तो 'छंद'. आणि हा काही पुरुषांचाच खेळ नाही. स्कॉटलंडच्या टे नदीत १९२२ साली जॉर्जिना बॅलंटाइन नावाच्या बाईने चौसष्ट पौंडांचा सालमन मासा गळाने पकडला, तो ब्रिटनमधला विक्रम शंभर वर्षांत कुणालाही मोडता आलेला नाही.

ताईंना भाच्याने एक जुनी काठी देऊन टाकली. संध्याकाळी परसात कपड्यांच्या दोरीपलीकडे त्या लाल लोकर फेकत असतात. निशाणाला तुळशीपुढे ठेवलेला स्टीलचा डबा. शेजारची पोरं मोजायला बसतात. आता वरच्या फळीवरची बरणी त्यांची त्या काढतात.

परवा त्यांचा फोन आला. पुढच्या तपासणीची तारीख ३ मार्च मिळालीय. "डॉक्टरांना विचारून फेब्रुवारीतच घेता येते का बघ," म्हणाल्या. "एक तारखेला नदी उघडते."