कानातले बोळे काढा, समोर माणूस उभा आहे!



पूर्वी एखादा माणूस रस्त्याने एकटाच हातवारे करीत, मोठमोठ्याने बोलत चालला की लोक हळहळत. 'बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो' असे म्हणून बाजूला होत. आज असा कोणी दिसला की आपण आधी त्याच्या कानाकडे पाहतो. कानात पांढरे बोंड किंवा गळ्यात काळा पट्टा दिसला की समजायचे, माणूस शहाणा आहे, फक्त फोनवर आहे!

या ब्लूटूथने गमती तर रोज घडतात. आमच्या भागातल्या रेशन दुकानासमोर रांग लागली होती. रांगेत एक वयस्कर आजी आणि त्यांच्या मागे एक तरुण. तरुण एकदम म्हणाला, "काय मावशी, कशा आहात? तब्येत बरी आहे ना?" आजींना आनंद झाला. वळून म्हणाल्या, "बरी हाय रे बाबा, गुडघे तेवढे दुखत्यात." तरुणाने कपाळाला आठ्या घातल्या, कानाकडे बोट दाखवले आणि 'गप्प राहा' अशी खूण केली. रांग हसली. हसणाऱ्यांनी हसून घेतले, पण त्या आजींचा चेहरा उतरला. तब्येत विचारणारे कोणीतरी भेटले असे त्यांना क्षणभर वाटले होते. प्रश्न दुसऱ्याच मावशीसाठी होता.

प्रसंग छोटा आहे. पण आमच्या मते सगळा विषय त्यात आहे. फोन वाईट नाही, कानातले यंत्रही वाईट नाही. समोरचा माणूस दिसेनासा होतो, हे वाईट आहे.

थोडे मागे जाऊन पाहू. भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा आपल्या वस्त्यांत घरी साधा फोनही नव्हता. नाक्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ बूथ असे. गावी कोणी आजारी पडले, पोरीला मुलगा झाला, की लोक तिथे धावत. समोर लाल आकड्यांचे मीटर पळत असे, म्हणून बोलणे आपोआप आटोपते व्हायचे. आणि पुष्कळ बूथना काचेचे दार असायचे. ते ओढून घ्यायचे आणि मग आपले सुखदुःख बोलायचे.

पुढे मोबाईल आले, पण २००३ पर्यंत आलेल्या कॉललाही पैसे पडत. मग दर उतरत गेले. २०१६ नंतर तर बोलणे जवळजवळ फुकट झाले. ही चांगलीच गोष्ट झाली. मुंबईत धुणीभांडी करणारी आई आता गावाकडच्या लेकराशी रोज बोलू शकते. पण मीटर गेले, बूथ गेला आणि त्याबरोबर ते दारही गेले. आता ते दार ज्याने-त्याने आपल्या आवाजाला लावायला हवे.

आपण एवढ्या मोठ्याने बोलतो हे बोलणाऱ्याला कळत कसे नाही, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याला कारण आहे. आजूबाजूला गोंगाट असला की माणसाचा आवाज नकळत चढतो, हे एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ सालीच दाखवून दिले. त्यात कानात बोळे बसले की स्वतःचा आवाज स्वतःला नेहमीसारखा ऐकू येत नाही. जुन्या टेलिफोनमध्ये आपला आवाज थोडासा आपल्याच कानात परत येईल अशी सोय असे, त्यामुळे माणूस बेताने बोलायचा. आता कान बंद, बाहेर लोकलचा खडखडाट, म्हणून माणूस ओरडतो. खरे तर यंत्राचा माइक हळू बोललेलेही पलीकडे पोचवतो. पलीकडच्याला ऐकू जातेच. ओरडणे फक्त शेजारच्यांच्या वाट्याला येते.

आणि शेजाऱ्याला त्याचा एवढा त्रास का व्हावा? डब्यात दोन बायका एकमेकींशी गप्पा मारत असल्या तर आपल्याला डुलकी लागू शकते. फोनवर बोलणारी एकटी असली तर लागत नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. संभाषणाची एकच बाजू कानावर पडली की मन दुसऱ्या बाजूचा अंदाज बांधत बसते आणि हातातल्या कामावरचे लक्ष उडते, असे त्यांना आढळले. रात्रपाळी करून आलेला माणूस, परीक्षेला निघालेली पोरगी, दिवसभर उभे राहून पाय सुजलेली आया, या सगळ्यांची तेवढी अर्ध्या तासाची विश्रांती आपण हिरावून घेतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. 'झोपडपट्टीतल्या लोकांना मॅनर्स नाहीत' असे म्हणणाऱ्यांच्या सुरात आम्ही सूर मिळवणार नाही. ज्याच्या घरी चार खोल्या आहेत, त्याने बाल्कनीत जाऊन बोलावे. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत सासू, नणंद, पोरे, अभ्यास, स्वयंपाक सगळे एकत्र. माहेरी मन मोकळे करायचे तर बाईला लोकलच्या डब्यातला अर्धा तासच मिळतो. घरोघरी सामान पोचवणारी आपली मुले दुचाकीवर असतात, पत्ता विचारायला त्यांना फोन लागतोच. हे सगळे समजून घेतले पाहिजे.

दुसरीही एक बाजू आम्ही डोळ्यांनी पाहिलेली आहे. पहिल्या वर्गात एखादे साहेब कानात यंत्र घालून तासभर इंग्रजीत 'मीटिंग' करतात. सारा डबा ऐकतो, पण त्यांना कोणी हटकत नाही. त्याच गाडीत आपली एखादी ताई गावच्या बोलीत आईशी बोलली, की लगेच नाके मुरडली जातात, 'ओ बाई, हळू बोला' असा दम मिळतो. त्रास आवाजाचा असेल तर तो दोघांचा सारखाच असतो. फक्त बोलीचाच होत असेल तर दोष ऐकणाऱ्याच्या मनात आहे. नियम सर्वांना सारखा हवा, साहेबालाही आणि ताईलाही.

तरीसुद्धा हा विषय आम्ही आपल्या पानावर का घेतला? कारण कानात बोळे घालून समोरच्याला न पाहण्याचा सर्वात जास्त मार आपल्याच माणसांना बसतो. आपले बहुसंख्य भाऊ-बहीण कुठे काम करतात? बसमध्ये कंडक्टर, इस्पितळात वॉर्डबॉय आणि आया, इमारतीच्या दारात वॉचमन, रस्त्यावर सफाई कामगार, मंडईत भाजीवाली, कचेरीच्या खिडकीमागे आमच्यासारखे कारकून. गिऱ्हाईक येते, फोनवर कोणाशी तरी हसून बोलत असते, आपल्याकडे न बघता कागद पुढे सरकवते, एका बोटाने 'थांबा' म्हणते आणि काम झाल्यावर तसेच बोलत निघून जाते. सफाईवाला दारी आला की डबा बाहेर ठेवला जातो, तोंडातून शब्द नाही. त्या क्षणी माणूस आणि खुर्ची यांत काही फरक उरत नाही.

माणूस समोर असून नसल्यासारखा वागवला जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या बापजाद्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन प्याले, ते केवळ तहान भागवण्यासाठी नव्हे. सार्वजनिक म्हणवणारी जागा सर्वांची आहे आणि आम्हीही माणूस आहोत, हे ठणकावून सांगण्यासाठी तो सत्याग्रह होता. पुढे संविधानाच्या उद्देशिकेत बंधुता आली आणि तिच्याबरोबर व्यक्तीची प्रतिष्ठा आली. ज्यांनी एवढी किंमत मोजून सार्वजनिक जागेवरचा हक्क मिळवला, त्यांच्या लेकरांनी त्याच जागेत शेजारच्याला नसल्यासारखे वागवावे, हे शोभत नाही. भाजीवालीशी, कंडक्टरशी, सफाई कामगाराशी बोलताना आपल्याही कानात बोळे असतात. ते आधी निघाले पाहिजेत.

तथागतांनी सांगितलेल्या आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा आहे. खोटे बोलू नये, चहाडी करू नये, कठोर बोलू नये हे आपण विहारात ऐकतो. चौथी गोष्ट मात्र विसरतो. वायफळ बडबड करू नये, हीही सम्यक वाचाच आहे. अंगुत्तर निकायातल्या वाचा सुत्तात चांगल्या बोलण्याची पाच लक्षणे सांगितली आहेत: ते योग्य वेळी बोललेले असावे, खरे असावे, मृदू असावे, हिताचे असावे आणि मैत्रीच्या भावनेने बोललेले असावे. पाचांत पहिले लक्षण वेळेचे आहे, हे ध्यानात घ्या. गोष्ट खरी असली, गोड असली, तरी जागा आणि वेळ चुकली की ती सम्यक राहत नाही.

आता आपल्या घरचेच पाहा. जलदान विधीचा कार्यक्रम चालू आहे, भन्तेजी परित्राणपाठ घेत आहेत, विधवा झालेली बहीण समोर बसली आहे, आणि मंडपाच्या कोपऱ्यात एक गृहस्थ कानात यंत्र लावून प्लॉटच्या व्यवहाराची बोलणी करीत आहेत. विहारात वंदना सुरू असताना एखाद्याचे ब्लूटूथ गळ्यातच घुरघुरते आणि तो "हां, बोल, बोल" म्हणत उठतो. आपण आवाज दाबून बोलतो असे त्याला वाटते, पण सगळ्या सभागृहाला ते ऐकू जाते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेतून गावाकडच्या अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना कोणी व्हिडिओ कॉलवर अभिवादन घडवत असेल, तर ते आम्हाला गोडच वाटते. पण मिनिटभराने फोन खिशात जावा. त्या रांगेत उभा असलेला प्रत्येक जण काही ना काही मनात घेऊन आलेला असतो.

घरातही तेच. वडील जेवायला बसले आहेत, कानात यंत्र आहे. मुलगी म्हणते, "पप्पा, आज शाळेत ना..." पप्पा 'हं' म्हणतात, पण तो 'हं' कोणासाठी आहे ते तिला कळत नाही. ती तीनदा हाक मारते, चौथ्यांदा मारत नाही. पुढे मोठी होऊन तीच पोर कानात बोळे घालून बसते, तेव्हा आपण म्हणतो, 'आजकालची मुले ऐकत नाहीत!'

कायदा-नियम आहेत. रात्री दहानंतर गाडीत फोनवर मोठ्याने बोलू नये, अशा सूचना रेल्वेने २०२२ च्या जानेवारीत दिल्या. मुंबईच्या बेस्टने २०२३ च्या एप्रिलमध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय गाणी, व्हिडिओ लावण्याला आणि फोनवर मोठ्याने बोलण्याला मनाई केली. आता काही लोकांना वाटते की हेडफोन घातला म्हणजे नियम पाळला. अहो, हेडफोनने दुसऱ्याचा आवाज तुमच्या कानात बंद होतो, तुमचा आवाज थोडाच बंद होतो! आणि प्रत्येक डब्यात पोलीस उभा करता येत नाही. शील पोलीस पाहत नसतानाच पाळायचे असते.

म्हणून आम्ही आपल्या कुटुंबांना पाच साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, कोणीही माणूस आपल्याशी बोलायला समोर आला की कानातले यंत्र काढावे. नुसते बंद करू नये, काढावे. समोरच्याला ते दिसते आणि बरे वाटते.

दुसरी, गाडीत, बसमध्ये बोलावेच लागले तर एक कान मोकळा ठेवावा. आपला आवाज आपल्याला ऐकू येतो आणि आपोआप खाली येतो. रूळ किंवा रस्ता ओलांडताना मात्र दोन्ही कान मोकळे हवेत. तिथे प्रश्न जिवाचा आहे.

तिसरी, घरचे भांडण, सोयरिकीची बोलणी, आजारपण, बँकेचा खाते क्रमांक आणि ओटीपी चारचौघांत बोलू नये. "गाडीत आहे, उतरल्यावर करतो," एवढे सांगायला क्षणभर लागतो.

चौथी, विहार, सभा, इस्पितळ आणि शोकाच्या घरी यंत्र खिशात ठेवावे, गळ्यातही नको.

पाचवी, दुसऱ्याला सांगायचे झाल्यास मैत्रीने सांगावे. "दादा, जरा हळू बोलता का, बाळ झोपलंय," असे म्हटले की बहुतेक माणसे ऐकतात. अपमान केला की तीच माणसे भांडायला उठतात. आणि सांगायचेच तर साहेबालाही सांगावे, फक्त गरिबाला नको.

या पाच गोष्टींना एक पैसाही लागत नाही. येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात यावर दहा मिनिटे बोलून पाहा. महिला मंडळाने पुढाकार घेतला तर फारच उत्तम, कारण घरातल्या पुरुषांच्या कानातले बोळे काढण्याचे काम त्याच चांगले करतील!

दूरच्या माणसाशी बोलण्याची सोय विज्ञानाने दिली आहे, तिचा जरूर उपयोग करू या. पण जवळच्या माणसाला माणूस म्हणून पाहण्याची शिकवण आपल्याला बुद्धाने आणि बाबासाहेबांनी दिली आहे. ती कोणत्याही यंत्रापायी गमावू नका.

नमो बुद्धाय! जयभीम!