यादीतली पहिली मागणी

संघटना म्हटली की आपल्याकडे वेतनश्रेणी, बदली आणि निवेदन हे तीनच शब्द आठवतात. त्यांविषयी आमची तक्रार नाही. पोट प्रत्येकाला असते. तक्रार एवढीच की विशेष शिक्षणाचा कारभार हाकणारे मुख्याध्यापक, समन्वयक, अधिकारी एकत्र येतात तेव्हा त्यांच्या मागण्यांच्या यादीत खुद्द त्या कारभाराचीच मागणी आम्हांस क्वचित दिसते.

अमेरिकेत १९२२ साली ‘कौन्सिल फॉर एक्सेप्शनल चिल्ड्रेन’ स्थापन झाली. तीतूनच पुढे विशेष शिक्षणाच्या प्रशासकांची वेगळी संघटना उभी राहिली. तिथल्या १९७५ च्या कायद्याने जादा खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंतचा वाटा केंद्र सरकार उचलेल, अशी आशा दाखवली. तेवढा तो आजवर कधीच मिळाला नाही, आणि हे राज्यकर्त्यांना सतत ऐकवत राहणे हे त्या संघटनेने आपले काम मानले. तेही हितसंबंधी लोकच. पण त्यांच्या हिताची आणि मुलाच्या हिताची मागणी एकच झाली आहे.

आता आपल्याकडे या. जालना जिल्ह्यातले अंबड तालुक्यातील अंकुशनगर हे समर्थ सहकारी साखर कारखान्याचे गाव. गाळपाचा हंगाम आला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याच्या शिवारात उतरतात. आणि याच मराठवाड्यातून कितीतरी टोळ्या पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. अशा टोळीबरोबर एखादे कर्णबधिर मूल निघाले आहे असे समजा. ते कुणाचे?

विशेष शाळेत असेल तर दिव्यांग कल्याण विभागाचे, जो २०२२ मध्ये सामाजिक न्याय विभागातून वेगळा झाला. साध्या शाळेत असेल तर शालेय शिक्षण विभागाचे. तिथे फिरता विशेष शिक्षक यायचा, तो समग्र शिक्षेखाली वर्षानुवर्षे करारावर राबलेला. आणि उसाच्या फडात असेल तर? मग कुणाचेच नाही. हंगामी वसतिगृहाची सोय कागदावर आहे. पण खुणांची भाषा जाणणारे माणूस तिथे असेलच, याची हमी कोण देणार?

कायदा कमी नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आणि दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी बंधनकारक केली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण घालून दिले. पण कायद्याला हात लागतात, आणि ते हात या प्रशासकांचेच आहेत.

कुणी म्हणेल, अधिकाऱ्यांची तळी कशाला उचलता? पैसा शिक्षकाकडे जाऊ द्या. शिक्षक हवाच. पण मूल तालुका ओलांडते तेव्हा त्याची नोंद, त्याचे श्रवणयंत्र, त्याच्या प्रगतीचा कागद त्याच्यामागून धाडणे हे शिक्षकाच्या हातात नसते. ज्याच्याकडे अधिकार नाही आणि उद्याच्या नोकरीची शाश्वती नाही, असा समन्वयक दुसऱ्या खात्याच्या साहेबाला जाब विचारू शकत नाही. त्याच्या पदाची शाश्वती हा म्हणूनच मुलाचा प्रश्न आहे. आणि संघटना तो केवळ पगाराचा प्रश्न म्हणून मांडते तेव्हा आपली सर्वांत बळकट बाजू स्वतःच सोडून देते.

विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघांचे सात आमदार बसतात. दिव्यांग मुलाला मत नाही आणि त्याचे आईबाप मतदानाच्या दिवशी गावात असतीलच असे नाही. त्याच्या वतीने बोलू शकणारे संघटित लोक फार थोडे. त्यांत हे प्रशासक आहेत.

तेव्हा पुढच्या निवेदनात वेतनश्रेणी दुसऱ्या क्रमांकावर घ्या. पहिली मागणी अशी लिहा : मूल कोणत्याही शाळेत असो वा फडात, तालुक्यातील प्रत्येक दिव्यांग मुलासाठी उत्तरदायी असा एक अधिकारी नेमा, त्याला दोन्ही खात्यांवर चालेल असा अधिकार द्या आणि पाहणीचे आकडे गावागावांत जाहीर करा. त्या निवेदनावर आम्ही विनाअट सही करू.